बनुबाईचा डबा आणि मी

मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हटलं तरी वय काही फार नाही, अवघी सहा वर्षं. पण त्या सहा वर्षांत इतक्यांची चाकरी केली की आता नगरच्या एका सरकारी आवाराच्या कोपऱ्यात, टायर काढून घेतलेली, विटांवर बसून आहे. माझ्या बॉनेटखाली एका कोंबडीने अंडी घातली आहेत. मित्रांनो, मला तिचा राग नाही. ती कशासाठी आली आहे ते मला ठाऊक आहे, आणि तिने ते लपवलंही नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या कारखान्यात झाला. लढाईचे दिवस होते. आगबोटीत बसून मी मुंबईला आले आणि तिथून नगरच्या लष्करी छावणीत. तिथे गोऱ्या शिपायांनी मला माळरानावर, ओढ्यानाल्यांत मन मानेल तशी पळवली. लढाई संपली तशी मीही नकोशी झाले. मग सरकारने मला पोलीसखात्याकडे दिलं. माझ्या हिरव्या अंगावर निळा रंग चढला, दारापाशी राजाच्या मुकुटाची खूण उमटली आणि मी प्रवरेकाठच्या एका ठाण्यावर रुजू झाले. त्या ठाण्याचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या सगळ्यांना मान खाली घालायला लावावी असं माझ्या मनात नाही.

ठाण्याचे फौजदार होते आप्पासाहेब. माणूस कामाला चोख, हाताने लाच घेत नसत, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. पण जीप म्हणजे जणू घरची बैलगाडी, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. सकाळी त्यांच्या घरचं दळण माझ्यात, गुरुवारी बाजारची भाजी माझ्यात, एकादशीला सासूबाईंचं नेवाशाचं दर्शन माझ्यात. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे, तेही मोजकंच. चोरीचा तपास असला की आप्पासाहेब म्हणत, "पेट्रोल कुठंय? सायकलवर जा." शिपाई बिचारे पायडल मारत जायचे आणि मी साहेबांच्या घरची कैऱ्यांची पोती वाहायची.

लोक बघत होते. बघणारच. "आमच्या साऱ्यावर पेट्रोल पिती आन् मिरवती बघा कशी, सरकारची नवरी!" असं माझ्या पाठीमागे बोललेलं मी किती वेळा ऐकलं. तोंडावर कुणी बोलत नसे. तोंडावर ते रामराम घालत.

मिरवणं लोकांनी सहन केलं असतं. खरं भय निराळंच होतं. त्या काळात धान्याची टंचाई होती. प्रत्येक शेतकऱ्याने ठरलेली ज्वारी सरकारला घालायचीच, असा हुकूम होता. त्याला लेव्ही म्हणत. ज्वारी कमी घातली असा संशय आला की घराची झडती होई, आणि ती झडती घ्यायला मी पोलिसांना घेऊन जाई. महिन्यातून दोन वेळा मी झडतीला जायची आणि दहा वेळा साहेबांच्या घरकामाला. पण आज यातली कुठली खेप आहे, हे दुरून धुरळा पाहणाऱ्याला कसं कळावं? म्हणून लोक प्रत्येक खेपेला झडतीच समजून चालत.

बेलापूरच्या वाटेवर एक लहानसं गाव होतं. गावाच्या तोंडाशी ओढा, ओढ्याकाठी बनुबाई नावाच्या एकट्या म्हातारीचं खोपटं. तिचे कान भलते तिखट होते. अर्ध्या मैलावरून ती माझा आवाज ओळखायची आणि दारात टांगलेला रॉकेलचा रिकामा डबा दगडाने बडवायची. डबा वाजला की गडीमाणसं उसात, ज्वारीची पोती कडब्याखाली आणि बायका दारात, तोंड मिटून.

सत्तेचाळीस सालच्या वैशाखातली गोष्ट. बेलापूरला आप्पासाहेबांच्या मेव्हणीच्या मुलाचं बारसं होतं. सकाळी मी दारात उभी राहिले. पुढे साहेब, मागे त्यांची बायको मालनबाई आणि सासूबाई रतनबाई, मांडीवर टोपडी-कुंचीचं गाठोडं आणि लाडवांचा डबा. चालवायला लालमहंमद. हा आमचा शिपाई-ड्रायव्हर, मूळचा शेतकऱ्याच्या घरचा, बोलायला कमी. निघताना त्याने माझ्या रेडिएटरचं टोपण हलवून पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, पानी गळतंय. आज न्हेऊ नये."

"बारशाला उशीर होतोय," साहेब म्हणाले.

ओढा ओलांडला आणि माझ्या तोंडातून वाफ फुसफुसायला लागली. पाठीमागे बनुबाईचा डबा जोरजोरात वाजत होता. गावातलं पहिलंच घर आलं आणि मी तिथे बंद पडले. मित्रांनो, हे मी आवर्जून सांगते. कुणी मला त्या घरापुढे उभं केलं नव्हतं. मीच थांबले.

ते घर गहिनीनाथ नावाच्या शेतकऱ्याचं होतं. आम्ही येण्याआधी तिथे काय चाललं होतं ते मला पुढे त्याच्या बायकोच्या, साळूबाईच्या तोंडून कळलं. त्यांच्या अंगणात पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली, दीड पुरुष खोल, माठासारखी पोटाला रुंद आणि तोंडाला अरुंद कोठी. तिच्यात ज्वारी भरून वर शिळा ठेवायची आणि मातीने लिंपून टाकायची. वर्ष-वर्ष बंद राहिलेल्या पेवात विषारी वाफ साठते. म्हणून शिळा काढली की ते बराच वेळ उघडं ठेवतात, मग दोरीने कंदील आत सोडतात. कंदील विझला तर कुणी आत उतरत नाही. हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

गहिनीनाथने पहाटे पेव उघडलं होतं. एकदा कंदील सोडला, तो विझला. म्हणून नवरा-बायको वाट बघत होते. ओट्यावर लेव्हीतून मागे ठेवलेली ज्वारीची दोन पोती होती, घरच्या वर्षाच्या भाकरीची. तेवढ्यात डबा वाजला आणि माझा आवाज थेट दाराशीच येऊ लागला. गहिनीनाथने दोन्ही पोती पेवात ढकलली. दुसरं पोतं तोंडातच अडकलं. ते पायाने खाली रेटत तो स्वतः आत उतरला, आणि मान वर करून म्हणाला, "शिळा सरकव. ग्येले की काढ."

साळूबाईने शिळा सरकवली, वर गोणपाट टाकलं, हातात तुरीचं सूप घेतलं आणि शिळेवर बसली. मी थांबले ती तिच्यापासून दहा हातांवर.

लालमहंमद उतरला. "बाई, बादलीभर पानी मिळंल का? गाडी तापलीय."

साळूबाईला वाटलं, हे निमित्त आहे. पाणी मागत आत शिरायचं आणि घर धुंडाळायचं. तिने बसल्या जागेवरून रांजणाकडे बोट केलं. उठली नाही. लालमहंमदने बादली भरून आणली, पण ओतली नाही. तापलेल्या रेडिएटरचं टोपण काढलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं, आणि वरून गार पाणी ओतलं तर लोखंडाला तडा जातो. मला निवायला वेळ द्यावाच लागतो.

"किती येळ लागंल, भाऊ?" साळूबाईने विचारलं.

"धा मिंटं. पंधरा बी लागतील."

तिच्या हातातली तूर सुपाबाहेर सांडली. तेवढ्यात मला जमिनीतून एक आवाज आला. टक, टक. माझं इंजिन बंद होतं, म्हणून ऐकू आला. साळूबाईनेही ऐकला, कारण तिने टाच शिळेवर आपटली. खालून पुन्हा टक. मग जरा वेळाने नुसतं खरवडल्यासारखं काहीतरी. मग काही नाही.

तिने टाच आपटली. उत्तर नाही. आणखी एकदा आपटली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती तूर पाखडतच होती. सांगितलं तर पोती जातील, नवरा तुरुंगात जाईल. नाही सांगितलं तर? समोर ओट्याच्या सावलीत आप्पासाहेब पान लावत बसले होते. रतनबाई पदराने स्वतःला वारा घालत होत्या. मी आतून ओरडत होते, पण मला हॉर्नशिवाय दुसरा आवाज नाही आणि तोही दुसऱ्याने दाबावा लागतो. इतकी असहाय मी लढाईतही झाले नव्हते.

लालमहंमदचं लक्ष गोणपाटाच्या कडेला गेलं. तिथे नुकती खरवडलेली ओली माती होती. त्याला पेव कळलं. पण आत ज्वारीच असेल असं समजून त्याने साहेबांकडे पाठ केली आणि पायाने ती माती झाकली. त्याला त्या बाईची दया आली होती. त्या दयेने आणखी दोन मिनिटं गेली.

शेवटी साळूबाईने सूप फेकून दिलं. "सायेब, मालक हायेत आत! पेवात हायेत! ज्वारी घ्या, घर घ्या, माझा मानूस काढा!"

"पेव?" आप्पासाहेब उठले. "म्हणजे धान्य दडवलंय?"

लालमहंमदने त्या वेळी साहेबांच्या हुकमाची वाट पाहिली नाही. नोकरीत पहिल्यांदाच. त्याने शिळा ढकलली, सूप उचललं आणि पेवाच्या तोंडाशी जिवाच्या आकांताने वारा घालायला लागला. मग माझा दोर काढला, एक टोक माझ्या पुढच्या आकड्याला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला. छातीभर श्वास घेतला आणि आत उडी मारली. गडीमाणसं सगळी उसात दडलेली. दोर ओढायला साळूबाई धावली, मालनबाई धावल्या, म्हाताऱ्या रतनबाईही धावल्या. आणि खरं ते सांगायला हवं, आप्पासाहेबांनीही दोर धरला. लालमहंमदने आत आपल्या कमरेचा दोर सोडून गहिनीनाथला बांधला. आधी तो वर आला, मग परत सोडलेल्या दोराने ठसकत, डगमगत लालमहंमद.

गहिनीनाथचा चेहरा काळानिळा पडला होता. श्वास चालू होता, पण तुटक तुटक.

"बेलापूरला डाक्टर हाय," लालमहंमद म्हणाला. "गाडीत घेऊ."

आप्पासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. ते माझ्याकडे बघून बोलले, माणसांकडे नाही. "सरकारी गाडी आहे ही. खाजगी माणसाला नेता येत नाही. वाटेत काही झालं तर जबाबदारी कुणाची? बैलगाडी बघा."

माझ्या मागच्या बाकावर टोपडी-कुंचीचं गाठोडं होतं आणि लाडवांचा डबा. मालनबाईंनी आधी गाठोडं उचललं, मग डबा. दोन्ही साळूबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवले.

"मग आम्ही कोण सरकारी?" त्या म्हणाल्या. "आई, या इकडं सावलीत. आपण बसू इथं." आणि नवऱ्याकडे वळून, "घ्या त्याला. नाहीतर मी आज बारशाला जात नाही, आणि उद्यापासून या गाडीतही बसत नाही."

लालमहंमदने माझ्यात पाणी ओतलं. मी पुरती निवले नव्हते. त्या पाच मैलांत माझ्या इंजिनाला तडा गेला, तो शेवटपर्यंत सांधला नाही. पण मी थांबले नाही. मागे साळूबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याला हाका मारत होती. बेलापूरच्या वेशीपाशी त्याने डोळे उघडले.

गहिनीनाथ वाचला. ती दोन पोती आप्पासाहेबांनी पाहिली नाहीत, कारण ती पाहिली असती तर आपण त्या दारात कशाला आलो होतो हे लिहावं लागलं असतं. आणि त्या बदल्यात बारशाला निघालेली जीप गावानेही पाहिली नाही. साहेबांनी वर कळवलं की गस्तीवर असताना एका शेतकऱ्याचा जीव वाचवला. नगरहून शाबासकीचा कागद आला. चावडीपुढे मला झेंडूचा हार घातला. मी मुकाट्याने घालून घेतला, पण तो मला टोचत राहिला.

बनुबाई तेवढी हार घालायला आली नाही. म्हातारीचं मन तिला खात होतं, आपण डबा वाजवला म्हणून तो पेवात उतरला. गर्दी पांगल्यावर ती आली आणि माझ्या मडगार्डावर हात आपटून म्हणाली, "कशापायी येतीस ते सांगून येत जा की गं! मला काय कळतंय, बये?"

लालमहंमदने ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने एक रीत पाडली. ओढ्यापाशी मला थांबवायचा आणि ओरडून सांगायचा. "बनुबाई, वारंट घिऊन आलोय!" "बनुबाई, चोरी झालीया, तपासाला!" आणि एका गुरुवारी, शेजारी साहेब बसलेले असताना, तेवढ्याच मोठ्याने, "बनुबाई, सायबांच्या घरची भाजी आनाया निघालोय!" आप्पासाहेब लाल झाले. शेतातली माणसं हसली. पुढच्या गुरुवारी भाजी आणायला साहेबांचा गडी पायी गेला. महिन्याभरात माझ्या घरकामाच्या खेपा दोनवर आल्या आणि शिपाई तपासाला माझ्यात बसून जाऊ लागले. डबा वाजायचा थांबला. माझ्या सगळ्या आयुष्यात चांगले म्हणावेत असे दिवस तेवढेच.

मग स्वातंत्र्य आलं. माझ्या दारावरचा मुकुट खरवडून काढला. त्याच महिन्यात लालमहंमदची बदली झाली, दूर पूर्वेला, दुष्काळी भागात. जाताना तो माझ्या चाकापाशी उकिडवा बसला आणि पाना पुसत राहिला. नव्या ड्रायव्हरला ओढ्यापाशी थांबायचं कुणी सांगितलं नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बनुबाई खोपट्याबाहेर येऊन उभी होती, कान देऊन. आम्ही थांबलो नाही. पाठीमागे डबा वाजायला लागला.

मित्रांनो, मला धुवून-पुसून ठेवा, तेल घाला, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. आता त्याचा उपयोग नाही. पण रस्त्याने सरकारची गाडी येताना दिसली तर उसात पळू नका. तिच्या चाकांत तुमच्या आईबापांचा शेतसारा आहे. उभे राहा आणि बनुबाईने मला विचारलं तसं विचारा, कशापायी आलीस? उत्तर द्यायला जी गाडी थांबेल, तिला पाणी पाजा.