पुठ्ठ्याची थोरली

धाकटीची कथा संपादकांनी दुसऱ्यांदा परत पाठवली. या खेपेला सोबत निरोप होता. प्रसंग चांगला आहे, पण थोरली जाऊ पुठ्ठ्याची वाटते. दारातून येते, टोमणा मारते, निघून जाते. तिला काय हवंय? सोमवारपर्यंत सुधारून आली तर याच अंकात घेऊ.

धाकटी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटर सांभाळायची. छापील अक्षरांत आपलं नाव बघायची हौस तिला लग्नाआधीपासूनची. आणि ही कथा तर एका वाक्यासाठी लिहिलेली. ती नोकरीच्या पहिल्या दिवशी निघाली, तेव्हा तिची खरीखुरी थोरली जाऊ भरल्या घरात म्हणाली होती, "निघाल्या राणीसरकार, पर्स लटकवून." कुणी न नेलेला कोट दुकानात सांभाळतात, तसं धाकटीने ते वाक्य वर्षानुवर्षं कव्हर घालून टांगून ठेवलं होतं.

आता म्हणे थोरलीला काय हवंय! सासुरवास हिने सोसायचा आणि विचारपूस तिची करायची.

तरी बसली बिचारी. थोरलीला खोकला लावून पाहिला, तर नुसती तोंडाळ पेशंट झाली. लहानपणीच आईवेगळी केली, तर टोमणा मारताना उगाच रडायला लागली. शेवटी मांजरावर जीव लावायला लावला. मांजरच भाव खाऊन गेलं. शनिवारी दुपारी धाकटीने सगळी पानं चुरगाळली, मग पुन्हा सरळ केली, कारण पाठकोरी होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात थोरली भांडी पुसत होती. तिच्या पाठीकडे बघून बघून धाकटीच्या डोळ्यांना पाणी आलं, पण पाठीतून काही उलगडेना. इतकी वर्षं एका ओट्यावर काढली आणि हिला काय हवं असतं याचा पत्ता नाही. शेवटी तिने सरळच विचारलं.

"ताई, तुम्हाला काय हवंय हो?"

"आत्ता? चिमटा."

धाकटीने चिमटा दिला, तोही जरा आपटूनच. थोरलीने कुकर उतरवला, हात पुसले आणि पाठमोरीच म्हणाली, "ते वाक्य माझंच आहे. बोलले होते मी. राहू दे."

कथा वाचलीत का, असं धाकटी पुटपुटली.

"फ्रिजवर ठेवतेस, मग वाचू नको तर काय आरती ओवाळू?" थोरली वळली. "पर्स कुणाची होती, ते का नाही लिहिलंस?"

पर्स थोरलीची होती. त्या सकाळी धाकटी डबा पिशवीत कोंबत होती, तेव्हा थोरलीने कपाटातून ती काढून तिच्या पुढ्यात टाकली होती. कोरी. किमतीचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. टोमणा त्यानंतरचा. धाकटीला हे आठवत नव्हतं असं नाही. पण पर्स आली की टोमण्याची धार जाते, म्हणून तिने ती पहिल्याच खर्ड्यात गाळली होती.

"तुम्ही कशाला घेऊन ठेवली होती?" तिने विचारलं.

"पर्स कशाला घेतात?" थोरली म्हणाली आणि भात वाढायला लागली.

रविवारभर धाकटी धुसफुसत लिहीत होती. नवरा दोनदा डोकावला आणि दोन्ही वेळा आल्या पावली परतला. पर्स घातली तशी थोरली हलायला लागली. वाक्य तेच, शब्द तेच, पण ते बोलताना तिची नजर राणीसरकारवर नसून पर्सवर होती. आणि इतक्या वर्षांचा तो राग धाकटीला आता कुठे ठेवावा तेच कळेना. दात-ओठ खात तिने सोमवारी कथा पाठवून दिली.

संध्याकाळी फोनवर उत्तर आलं. थोरली फारच छान उतरली आहे. पण तिच्यापुढे आता धाकटी पुठ्ठ्याची वाटते. हिला काय हवंय? बघा, पुढच्या अंकापर्यंत जमलं तर.

धाकटी फोन हातात धरून ओट्याशी उभी राहिली.

"काय म्हणतायत?" थोरलीने विचारलं.

"ताई, मला काय हवंय हो?"

थोरलीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सांगते. आधी कुकर उतरव."