चार सेकंदांत निर्जंतुक

शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजच्या सभागृहात हॅकेथॉन सुरू झाली तेव्हा त्यांच्या संघात तीन विद्यार्थी होते. शनिवारी नाश्त्यापर्यंत दोन विद्यार्थी आणि एक सीईओ उरले. ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला बहाल केली होती. दुसरा गप्पू. तो कोड लिहायचा आणि दिवसाकाठी दहाएक शब्द बोलायचा. तिसरी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. चहात साखर घालतानाही ती चमचा बोटाने सपाट करून घेई, म्हणून सगळे तिला फूटपट्टी म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे, उलट बरंच वाटे.

रविवारी दुपारी चारपर्यंत इस्पितळाची एखादी अडचण सोडवणारं अ‍ॅप बनवायचं होतं. जिंकणाऱ्या संघाचं अ‍ॅप शहरातल्या मोठ्या इस्पितळात पुढच्या महिन्यापासून वापरून बघणार होते. त्याच इस्पितळाच्या तळघरात फूटपट्टीची मावशी एकोणीस वर्षं शस्त्रक्रियेची उपकरणं निर्जंतुक करत होती. साहजिकच शनिवारी सकाळी तिघं तळघरात जाऊन उभी राहिली.

"हात लावायचा नाही कशाला, आधीच सांगते," टोपीखालून मावशी म्हणाली, आणि मग काम करता करता सगळं समजावून दिलं. कात्र्या-चिमटे धुऊन, पुसून, कागदात बांधायचे. वर ही पांढरी चिकटपट्टी लावायची. हिच्या फिकट रेघा यंत्रातल्या वाफेने काळ्या होतात.

"म्हणजे काळ्या रेघा दिसल्या की माल निर्जंतुक," सीईओ म्हणाला.

"नाही रे बाबा. काळ्या रेघा म्हणजे पुडकं तापलं, एवढंच. आतले जंतू मेले का, ते ही कुपी सांगते." मावशीने करंगळीएवढी कुपी वर धरली. "हिच्यात जिवंत जंतू आहेत, चिवटातले चिवट. पुडक्यांबरोबर हिलाही यंत्रात घालायची. मग चोवीस तास उबेत ठेवायची. रंग बदलला तर जंतू जिवंत, म्हणजे सगळा माल परत. हाडात बसवायच्या धातूच्या पट्ट्या असतात ना, त्या हिचा निकाल आल्याशिवाय मी कोणाला देत नाही. सर्जन दारात येऊन नाचला तरी."

"आणि चोवीस तास नुसती वाट बघायची?"

"बघायची. मला झोप लागते ती या कुपीमुळे."

फूटपट्टीने हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. सीईओने मावशीचा एक फोटो काढला आणि हातभर चिकटपट्टी मागून घेतली.

दुपारपर्यंत अ‍ॅप तयार झालं. पट्टीचा फोटो काढायचा, चार सेकंद थांबायचं. रेघा काळ्या असल्या की पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आणि खाली ठळक अक्षरांत 'निर्जंतुक'.

"हे खोटं आहे," फूटपट्टी म्हणाली. "तिथे 'तापलं' असं लिही."

"तापलं? अगं, इडली पात्र आहे का ते?" सीईओ हसला. "चोवीस तासांचं काम चार सेकंदांत! परीक्षकांना एवढंच ऐकायचंय."

"मावशीने तुझ्या तोंडावर सांगितलं ना..."

"मावशी चांगल्या आहेत गं. पण त्यांची पद्धत जुनी आहे."

फूटपट्टी वाद घालत बसली नाही. ती वसतिगृहात गेली, पट्टीचे तीन तुकडे कापले, त्यांच्यावर ओला रुमाल अंथरला आणि गरम इस्त्री दाबून धरली. चार मिनिटांत तिन्ही तुकड्यांच्या रेघा काळ्या झाल्या. मग कॅन्टीनमधून एक उष्टा चमचा आणला. त्याला भाताची दोन शितं चिकटली होती. तो कागदात गुंडाळून वर इस्त्री केलेली पट्टी लावली. गप्पूच्या फोनपुढे धरल्यावर चार सेकंदांनी हिरवी खूण आली: निर्जंतुक.

गप्पूने चमच्याकडे बघितलं, मग सीईओकडे.

"मंचावर उष्टा चमचा घेऊन कोण येणार आहे?" सीईओ म्हणाला. "हे बघ, सादरीकरणात तू फक्त पुडकं धर. बोलतो मी."

रविवारी चार वाजता सभागृहात बसायला जागा नव्हती. मधल्या खुर्चीवर इस्पितळाच्या व्यवस्थापक बाई बसल्या होत्या. सीईओने छान सुरुवात केली, दोन विनोद केले, आणि मग मागच्या पडद्यावर मावशी आली. टोपी, चष्मा, हातात कुपी. फोटोखाली अवतरणचिन्हांत लिहिलं होतं: 'आता चोवीस तासांची वाट नको. मी निश्चिंत झोपते!'

फूटपट्टीने हे आत्ता पहिल्यांदा पाहिलं. मावशी असं बोललीच नव्हती. जे बोलली होती त्याच्या बरोब्बर उलट होतं हे, आणि चेहरा तिचा, हातातली कुपीसुद्धा तिचीच! उद्या एखाद्याच्या हाडात जंतू वाढले, तर लोक या फोटोकडे बोट दाखवणार होते.

"आता प्रत्यक्ष बघा!" सीईओने हात पसरला.

फूटपट्टीने पिशवीतून पुडकं काढलं. सीईओने दिलेलं नव्हे, आपलं. गप्पूने फोन धरला. त्याने पुडकं ओळखलं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. तरी तो फोन धरून राहिला. चार सेकंद. हिरवी खूण. टाळ्या.

तिने पुडकं फाडलं आणि चमचा व्यवस्थापक बाईंपुढे टेबलावर ठेवला.

"मॅडम, या चमच्याने खाल?"

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. बाईंनी खुर्ची मागे सरकवली. "हा काय प्रकार आहे?"

"कालचा उष्टा चमचा. पट्टी इस्त्रीने काळी केलीय. आमचं अ‍ॅप म्हणतं, हा निर्जंतुक आहे. तुम्ही खाणार नाही, पण असाच माल पेशंटच्या गुडघ्यात बसवायला निघालायत. आणि पडद्यावर आहेत त्या माझ्या मावशी. हे वाक्य त्यांचं नाही. त्या म्हणाल्या होत्या, त्यांना झोप लागते ती कुपीमुळे." ती पडद्याकडे वळली. "आमच्या दोघींत विद्यार्थिनी मी आहे, शास्त्र त्यांना येतं."

"तांत्रिक त्रुटी आहे, पुढच्या आवृत्तीत..." सीईओ सुरू झाला.

"पण कल्पना वाईट नाही," शेजारचे परीक्षक बाईंना म्हणाले. "चोवीस तास म्हणजे फारच..."

"सर, जंतूंना कल्पना समजत नाहीत!"

बाई चमच्याकडे बघत होत्या. त्यांनी पेनाने समोरच्या यादीतल्या या संघाच्या नावावर आडवी रेघ मारली.

बाहेर व्हरांड्यात सीईओ तिच्यावर तुटून पडला. "स्वतःच्या हाताने बुडवलंस आपल्याला! समाधान झालं?"

"नाही झालं. तो फोटो काढून टाक."

"काढला," गप्पू म्हणाला. "सगळीकडून." दोन दिवसांत तो कोणाच्या बाजूने बोलला, असे हेच त्याचे शब्द.

सोमवारी सकाळी फूटपट्टीने तळघराच्या दारात उभं राहून मावशीला सगळं सांगितलं. सांगताना राग पुन्हा चढला. मावशी कात्र्या पुसत ऐकत होती.

"झोपेचं उलटंच लिहिलं म्हणतेस?"

"उलटंच."

मावशीने कात्री उजेडात धरून तिचा सांधा निरखला, आणि पुन्हा धुवायच्या ट्रेमध्ये टाकली. "मेल्याला परत इथे पाय ठेवू देऊ नकोस." मग म्हणाली, "तो चमचा कॅन्टीनला परत दिलास?"

"दिला."

"धुऊन?"

"धुऊन. दोनदा."

"हं," मावशी म्हणाली आणि कुपी पुडक्यांच्या मधोमध ठेवून यंत्राचं दार लावून घेतलं.