नावं ठेवणारं माणूस

कापूस वेचायच्या पिशवीचा पहिला नमुना घेऊन मी मोताळ्याजवळच्या माहेरी आले, ते कुणीतरी त्याला नावं ठेवावीत म्हणून. पुण्याच्या आमच्या वर्कशॉपात रीतच आहे, पहिला नमुना कच्चा करायचा, वापरणाऱ्याच्या हाती द्यायचा आणि चुका ऐकून दुसरा करायचा. छत्रीच्या काड्या वाकवून मी कडं केलं, त्याला जुन्या साडीची पिशवी शिवली, दप्तराचा पट्टा लावला. कापूस टाकायला कमरेला लुगड्याची ओटी बांधायला नको, तोंड कायम उघडं, दोन्ही हात मोकळे.

शेतात बायकांनी तो आळीपाळीने गळ्यात घातला आणि सगळ्यांनी छान म्हटलं. माझा संताप झाला. माहेरवाशिणीच्या वस्तूत खोट कोण काढणार? मला बांधावर सावलीत बसवलं, चहा दिला. थोड्या वेळाने पाहते तर नमुना बाभळीला टांगलेला, आत पाण्याच्या बाटल्या. बायका आपापल्या ओट्या बांधून वेचत होत्या.

आई असती तर असं झालं नसतं. आईच्या, म्हणजे चांगुणाबाईच्या, तोंडातून भाजीवाला सुटला नाही, जावई सुटला नाही, मी तर नाहीच. मी शिवलेला परकर हातात घेतला की तिचं बोट नेमकं वाकड्या टाक्यावर जायचं. तेव्हा मी धुसफुसायचे. ती गेली आणि गावात माझं नुसतं कौतुक सुरू झालं. तिची इतकी आठवण ती गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीही आली नव्हती.

दुपारी भाकर खाताना धाकट्या भावाची बायको, मयुरी, शेजारी बसली. तिला विचारलं, तर तीही चांगलंच म्हणाली. मग मला राहवलं नाही.

"मयुरी, आई गेल्यापासून मी इथं पाहुणीच होऊन राह्यली. एक तरी खोट काढ ना व."

डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत. मयुरीने भाकर खाली ठेवली.

"कडं पऱ्हाटीत अडकते, ताई. कच्ची बोंडं तुटतात. वाकलं का पट्टा मानेले काचते."

मग ती उठली, बाभळीवरचा नमुना काढला, बाटल्या बाहेर ठेवल्या आणि तो माझ्याच गळ्यात अडकवला.

"आमाले काय इचारून राह्यल्या? चाला, येचाले एक पात धरा. सकाळपासून नुसत्या बसून राह्यल्या तुमी."

मी कपाशीच्या पऱ्हाटीत शिरले. पहिल्याच झाडात कडं अडकलं, आणि बायका पोट धरून हसल्या. आई गेल्यापासून मी पहिल्यांदाच घरी आले होते.