एक नंबरचा बिल्ला

सुलक्षणाच्या देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी एक पितळी बिल्ला असे. त्यावर 'दिलराज चाहता मंडळ' आणि खाली आकडा एक. वडील, कुंडलिक, गिरणी कामगार. दिलराज नावाच्या हिरोपायी त्यांनी वाकोल्याच्या चाळीत हे मंडळ काढलं होतं. सिनेमाच्या पहिल्या खेळाला आजी मंडळाच्या एकवीस बिल्ल्यांना पुढून-मागून कुंकू लावायची. बिल्ला दाखवला की मंडळाच्या रांगेत जागा. वडिलांचा एक नंबरचा बिल्ला मात्र हरवला, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

एकदा ते सहा वर्षांच्या सुलक्षणाला थिएटरपर्यंत घेऊन गेले आणि आत नेलंच नाही. फाटकापाशी चणे खात दोघं तीन तास आतल्या शिट्ट्या ऐकत बसले. त्याचा राग तिला पन्नाशीतही होता.

हरवलेला बिल्ला गेल्या वर्षी ऑनलाइन लिलावात दिसला, तेव्हा तिने भिशीचे सगळे पैसे घालून तो घेतला आणि देव्हाऱ्यात ठेवला. त्यावर लालभडक कुंकू होतं. बघून ती रडली होती.

आणि आज घाटकोपरच्या घरात भाजी निवडताना फोनवर लिलावात दुसराच एक नंबरचा बिल्ला दिसला. विकणारी वेसाव्याची कमळ. बिल्ला चकचकीत, कुंकवाचा मागमूस नाही. संग्राहकांच्या ग्रुपवर टवाळी चालली होती. 'कुंकू नाही म्हणजे डुप्लिकेट. सुलक्षणाताई, एक नंबर तुमच्याकडे आहे, तुमचा शब्द शेवटचा.'

'खोटा' एवढंच लिहायचं होतं. पण तिला चैन पडेना. नकली माल करणारा कुंकवाची पुडी आणायला विसरेल होय? तिने कमळला फोन लावला.

"घासलात कशाने?"

"चिंचेने. दसऱ्याला देवाची भांडी घासतो ना, त्यातच. चुकलं काय?"

"तुमच्याकडे आला कसा?"

"माझी सासू चंपा वाकोल्याला मासळी विकायची. दिलराज म्हणजे तिचा जीव. पण मंडळात बायकांना घेत नव्हते. मग कुंडलिक म्हणून होते, त्यांनी आपला बिल्ला तिच्या टोपलीत टाकला. बोलले, जा, माझ्या जागी बस. पोरीला घेऊन स्वतः बाहेर राहिले."

सुलक्षणाने हातातली मेथी खाली ठेवली. ती म्हणाली, "मागच्या पिनेच्या सांध्याचा फोटो पाठवा बरं."

फोटो आला. चिंच जिथे पोचत नाही तिथे, सांध्यात, काळपट कुंकू घट्ट बसलं होतं. तिने आपला बिल्ला उलटा केला. सांधा कोरा. तिला स्वतःची लाज वाटली. वर्षभर ती या डुप्लिकेटला फूल वाहत होती.

लिलाव संपायला अर्धा तास होता. गप्प बसली असती तर वडिलांचा बिल्ला छत्रीच्या किमतीत मिळाला असता.  तिने दोन्ही सांध्यांचे फोटो ग्रुपवर टाकून लिहिलं, 'कमळताईंचा खरा. माझा खोटा.'

बोली सरसर चढली. जमेल तिथवर सुलक्षणाही चढली, मग थांबली. बिल्ला मुलुंडच्या कुणीतरी नेला. तिला फार वाईट वाटलं.

लगेच कमळचा फोन आला. "ताई, तुम्हालाही हवा होता ना? मग बोललात कशाला? ते कुंडलिक तुमचे कोण?"

"वडील," सुलक्षणा म्हणाली. "बाहेर राहिलेली पोरगी मीच."