पडद्यावरचे चाळीस टक्के

"हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून घेऊन जा बाबा," ताईनं फोनवर सांगितलं, तेव्हा भाऊजींना जाऊन तीन आठवडे झाले होते. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. सोलर बसवायचं काम मी बारा वर्षं करतोय, तिच्या घरचंही मीच बसवलं होतं. भाऊजी ऑक्सिजनच्या मशीनवर होते. वीज गेली तरी मशीन चालू राहावं, एवढ्यासाठीच तो खटाटोप.

भाऊजी गेले त्या दुपारी वीज गेली होती. इन्व्हर्टरच्या पडद्यावर ताईनं बॅटरी चाळीस टक्के उरल्याचं वाचलं, म्हणजे दोन तास तरी निघतील असं धरून ती औषधं आणायला गेली. पाऊण तासात परतली तर मशीन बंद. भाऊजी कपाटातल्या ऑक्सिजनच्या राखीव सिलिंडरपर्यंत पोचू शकले नव्हते. तिच्या लेकीनं, माझ्या भाचीनं, एकच वाक्य ऐकवलं, "आकडा तरी नीट बघायचास, आई." तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद. ताईही आता ज्याला त्याला सांगत सुटली होती, 'माझेच डोळे फुटले होते' म्हणून.

मला मात्र ते पटत नव्हतं. सगळं काढायच्या आधी मी तार तपासायला घेतली. इन्व्हर्टर आणि बॅटरीमध्ये जाड तारांसोबत एक बारीक केबल असते. आपल्यात किती उरलंय, ते बॅटरी तिच्यातून इन्व्हर्टरला कळवते. केबलचा टेस्टर लावला. आतल्या आठ तारांचे आठही दिवे हिरवे. बसवतानाही हिरवेच लागले होते, आणि तिथंच माझा घात झाला. तार तुटलेली नाही एवढंच टेस्टर सांगतो. कुठली तार कुठल्या पिनला जायला हवी, ते त्या शहाण्याला काय कळणार!

मग मी माहितीपुस्तिका उघडली. बसवताना उघडली नव्हती, बारा वर्षांचा माज होता ना! इन्व्हर्टर चौथ्या-पाचव्या पिनवर ऐकत होता आणि बॅटरी सातव्या-आठव्यावर बोलत होती. मी मात्र इंटरनेटच्या केबलसारखी दोन्ही टोकं सारखीच दाबून मोकळा. पडद्यावर 'बॅटरी सापडत नाही' आलं, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन ती चौकशीच बंद करून टाकली. इशाऱ्याचा लाल दिवा विझला. आमच्या धंद्यात बरेच जण अशीच वेळ मारून नेतात. मग इन्व्हर्टर नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज ठोकत बसतो.

नवी केबल केली, जोडली, सेटिंग बदललं. पडद्यावर त्रेपन्न टक्के होतं. ते लुकलुकलं आणि अकरा झालं. बॅटरीत खरं एवढंच होतं. मी पक्कड खाली ठेवली.

"काय झालं रे?" ताई दारात उभी होती.

'काही नाही गं' म्हटलं असतं तर सुटलो असतो. तिनं पुढं विचारलंही नसतं, इतका तिचा माझ्यावर आंधळा विश्वास.

"ताई, तू चाळीसच वाचलं होतंस. आकडाच खोटा होता. केबल मी चुकीची केली, आणि पडद्यानं सांगितलं तेव्हा त्याचं तोंड बंद केलं."

ती भाऊजींच्या पलंगाच्या कडेला बसली. "का?"

"दुसऱ्या कामावर जायची घाई होती."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हलक्या आवाजात म्हणाली, "तीन आठवडे मी मनातल्या मनात जळतेय. आणि तू रोज येऊन समोर बसत होतास."

"मला माहीत नव्हतं गं."

"तुला माहीत करून घ्यायचं नव्हतं."

खरंच होतं ते. तीन आठवड्यांत एकदाही मी त्या केबलला हात लावला नव्हता. लाज वाटली स्वतःची.

"तिला फोन लाव," ताई म्हणाली.

भाचीनं लगेच उचलला. "बोल ना मामा! जेवलास का?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं, सेटिंगचंसुद्धा.

"आईला दे," ती म्हणाली.

मी दिला. ताईनं तो दोन्ही हातांनी कानाशी धरला, आणि मानेनं दाराकडे खूण करत मला जा म्हणाली.