चारात एक

साहेब, तुम्ही माझ्या भावाला अर्धंच सांगितलंत. बाकीचं गिळलंत, कारण दाराबाहेर रांग होती.

त्याची लेक साक्षी तेव्हा वर्षाचीही नव्हती. पांढरीफटक पडलेली. "थॅलेसेमिया मेजर," तुम्ही म्हणालात. "आईबाप दोघंही मायनर. त्यांना त्रास नाही, पण चारात एक मूल असं निघतं. रक्त भरत राहावं लागेल. चला, पुढचा."

माझा भाऊ नागसेन चाकणच्या कंपनीत ब्रेकचे पार्ट तपासतो. चारात एक त्याला लगेच कळलं. रहाटणीच्या खोलीत जेवता जेवता मला म्हणाला, "ताई, चार पीसमागं एक रिजेक्ट. तो आधीच निघाला. आता पुढचे तीन ओके."

"पोरगी आहे ती," त्याची बायको मिनल म्हणाली. "तुमच्या लाइनवरचा माल नाही."

"हिशेब सांगतोय गं."

"हिशेब डॉक्टरला विचारा."

आमची आई म्हणाली, "विचारायचं काय त्यात? खोट हिच्या माहेरची." दोघांकडून आलंय हे नागसेनला ठाऊक होतं. तो मान खाली घालून भात कालवत राहिला.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा मिनल तुमच्याकडं आली होती, साहेब. पोटातल्याचं विचारायला. तुम्ही वर न बघताच म्हणालात, "सांगितलं ना एकदा, चारात एक." मग तिनंही नवऱ्याचा हिशेब खरा धरला.

मुलगा झाला, सनी. बोलायला लागायच्या आत तोही पांढरा पडला.

या वेळी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बसवून सांगितलं. आईकडं जनुकांची एक जोडी, त्यातलं एक धड, एक बिघडलेलं. बापाकडंही तसंच. मूल दोघांकडून एकेक घेतं. दोन्हीकडचं बिघडलेलं आलं की मेजर. "आणि हे दर वेळी नव्यानं. आधीच्या पोराला काय आलं, ते पोटातल्याला माहीत नसतं. गरोदरपणात लवकर तपासता आलं असतं."

नागसेन म्हणाला, "म्हणजे चारही रिजेक्ट निघू शकतात?"

"निघू शकतात."

"त्याला रिजेक्ट म्हणू नका," मिनल म्हणाली. त्यानंतर ती नवऱ्याशी बोललेली नाही.

आज रक्तपेढीत दोन्ही पोरांच्या गटाची एकच पिशवी मिळाली. दोघांना पुरत नाही. सिस्टर विचारतायत, "आधी कुणाला लावू?" मिनल दोन खाटांच्या मधे उभी आहे. नागसेन जिन्यात जाऊन बसलाय.

तिला का विचारता? तुम्ही आहात की समोरच्या खोलीत. बाहेर या, साहेब, आणि तुम्हीच सांगा. आधी कुणाला?