जयवंताबाईंचा बाहेरचा जिना

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी जिना आहे. मला अजून पायऱ्या आहेत, पण त्या कुठेच जात नाहीत. महापालिकेच्या झोन ऑफिसच्या आवारात, जप्त केलेल्या हातगाड्यांच्या शेजारी मी तीन तुकड्यांत पडलो आहे.

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत माझा जन्म झाला. तिथे मनोहरराव आणि मार्तंड या दोन भावांचं दुमजली घर होतं. वाटणीवरून दोघांचं फाटलं. धाकट्या मार्तंडने आतल्या जिन्याचं दार विटांनी बुजवून टाकलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मनोहररावांना उतरायला वाट उरली नाही. त्यांनी वेल्डर बोलावला आणि मला भर गल्लीत उभं केलं. परवानगी कोणी मागितली नाही. अर्धी गल्ली मी खाल्ली, हे तेव्हा कोणाला खटकलंही नाही.

मनोहरराव मला जपत. दर दिवाळीला हिरवा रंग देत. समोरच्या इंदुताई माझ्या खालच्या पायरीवर बसून मनोहररावांच्या पत्नी जयवंताबाईंसोबत मेथी निवडत. ते माझे चांगले दिवस होते. मनोहरराव गेले आणि रंगाचा डबा पुन्हा उघडला नाही. मला गंज चढत गेला. जयवंताबाई एकट्या चढत-उतरत राहिल्या.

मग एका दुपारी इंदुताईंच्या नवऱ्याच्या छातीत दुखू लागलं. ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरली आणि माझ्यापाशी अडली. ड्रायव्हरने पुढे घेऊन पाहिलं, मागे घेऊन पाहिलं. शेवटी लोकांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणलं. माझा कठडा त्यांच्या कोपराला घासला. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

तेरावं झाल्यावर इंदुताईंनी महापालिकेत माझी तक्रार केली. ती करण्याआधी त्या वर येऊन सांगून गेल्या.

"तुह्यावर राग नाही वं जयवंता. पण उद्या तुलेच न्यावं लागलं तं गाडी येईन कुठून?"

जयवंताबाईंनी चहा ठेवला. दोघींनी तो प्यायला.

ऋषिकेश नावाचे तरुण इंजिनीअर आले. त्यांनी टेप लावून मला मोजलं आणि माझ्या खांबावर नोटीस चिकटवली.

"साहेब, हा जिना नेला तं मी उतरू कुठून?" जयवंताबाईंनी विचारलं.

ऋषिकेश खाली जाऊन मार्तंडना भेटले. "काका, आतला जिना उघडून द्या."

"तिचा जिना तिले विचारा. माहा काय संबंध?" मार्तंड म्हणाले आणि आत गेले.

दोन उन्हाळे गेले. नोटीस उन्हाने पिवळी पडून गळाली, दुसरी लागली. इंदुताई तक्रार करत राहिल्या. जयवंताबाई उतरताना आता माझ्याकडे बघतही नसत. मलाही त्यांच्या पावलांचं काही वाटेनासं झालं.

मग गॅस कटर घेऊन माणसं आली. जयवंताबाई वर दारातच उभ्या राहिल्या. गल्ली गोळा झाली. ऋषिकेशनी माणसांना थांबवलं आणि मार्तंडच्या दारात जाऊन म्हणाले, "काका, कापायचं तर आहेच. पण बाई वर असताना मी कापणार नाही. आता तुम्हीच सांगा काय करू."

मार्तंड आत गेले. घणाचे आवाज येऊ लागले. मदतीला गेलेल्या माणसांना त्यांनी हात लावू दिला नाही. विटा पडत राहिल्या.

काही वेळाने आतल्या जिन्यावरून जयवंताबाई धुळीतून उतरत आल्या. घामाने भिजलेले मार्तंड भिंतीला टेकले होते.

"वैनी, खालची पायरी तुटली हाये," ते म्हणाले. "जपून."

इतक्या वर्षांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं. जयवंताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण उतरताना त्यांनी हात पुढे केला आणि मार्तंडनी तो धरला.

मग मला कापलं. ठिणग्या उडाल्या. मला काही वाटलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत असा एखादा जिना, ओटा किंवा भिंत असेल. ती कोणाची वाट अडवते, ते आजच बाहेर येऊन बघा. आणि ती मुळात का बांधावी लागली, ते घरात जाऊन विचारा.